रियाधला बिऱ्हाड हलवताना

नवऱ्याला रियाधला नोकरी, मुलगा सातवीत, मुलगी तीन वर्षांची. बुरखा, पूजा, बाजारहाट कसं जमणार, असा प्रश्न आहे. बुरख्याची धास्ती काढून टाका. परदेशी बाईला अबाया किंवा डोकं झाकायची सक्ती आता नाही, कपडे अंगभर आणि सैल हवेत. पंजाबी ड्रेस चालतो. तरी एक साधा अबाया घ्याच. घरच्या गाऊनवर चढवला की कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे छोट्या किराणा दुकानातून, दूध आणता येतं, ही सोय विसरू नका.

डोकेदुखी आहे ती कागदांची. आपल्याकडे विवाहाच्या दाखल्यावर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं, किंवा आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक ए जास्त, हे सर्रास असतं. व्हिसा तिथेच अडकतो. म्हणून आधी पासपोर्ट दुरुस्त करा, नवऱ्याचं नाव त्यात घालून घ्या, मगच विवाहाचा दाखला मंत्रालयात आणि पुढे अपोस्टिलला, म्हणजे परदेशात चालणाऱ्या सरकारी शिक्क्याला, द्या. क्रम उलटा झाला की खर्च दुप्पट. मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला शिक्षणाधिकाऱ्यांची सही घेऊनच न्या. तिथल्या भारतीय शाळा सीबीएसईच्या, वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे ऑक्टोबरात जाणं मुलाला जड जातं.

पगाराची बोलणी करताना कुटुंबावरचा कर विसरू नका. 2020 पासून माणशी महिन्याला 400 रियाल. तुम्ही आणि दोन मुलं, म्हणजे वर्षाला 14,400, तेही इकामा, म्हणजे तिथला रहिवासी परवाना, नूतनीकरणाच्या वेळी आगाऊ. कंपनी देणार की नवरा, हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. 'बघू नंतर' म्हणणारी कंपनी सहसा देत नाही. सुट्टीला येताना एक्झिट-रीएंट्री व्हिसा लागतो: दोन महिन्यांपर्यंत 200 रियाल, पुढे दर महिना 100, प्रत्येकी.

आता डबे भरताना. खसखस तिथे अमली पदार्थात मोडते. चिमूटभरसुद्धा नको. सुटी खसखस कोणी नेत नाही, पण गोड्या मसाल्यात, मालवणी मसाल्यात, करंजीच्या सारणात आणि अनारशाच्या पाठीवर ती असते. सासूबाईंनी प्रेमाने दिलेली मसाल्याची पुडी म्हणूनच धोक्याची. मसाला खसखशीविना करून घ्या. दाटपणा सुकं खोबरं आणि तिळाने येतो. अनारसे तिळावर थापा. विकतच्या पाकिटामागचे घटक वाचा, आणि जुना मसाल्याचा डबा न्यायचा असेल तर घासून, वाळवून, मगच. औषधांचंही तेच: कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलाम यांना तिथल्या अन्न व औषध प्राधिकरणाची परवानगी आधी काढावी लागते, नुसती चिठ्ठी पुरत नाही.

बाकी किराण्याची चिंता नको. ज्वारी-बाजरीचं पीठ, कढीपत्ता, तूरडाळ मोठ्या सुपरमार्केटात मिळतं.

पूजा घराच्या आत, दार लावून, गाजावाजा न करता. मोठ्या मूर्ती सामानात नकोत. विमानतळावर वाद घालण्यात अर्थ नाही. गणपती घरीच मातीचा करा, विसर्जन बादलीत. आरती होते, ढोल-ताशा होत नाही.

सुट्टी शुक्रवार-शनिवार, रविवार कामाचा. नमाजाच्या वेळी काही दुकानं अजूनही शटर ओढतात. शुक्रवारी सकाळी बाहेर पडून उपयोग नाही, दुपारनंतरच निघा. मेट्रोत कुटुंबांसाठी वेगळा भाग असतो, मुलं घेऊन त्यातच बसा. रमजानात दिवसा बाहेर पाण्याचा घोटही नको, गाडीतही नाही. लहान मुलांना कोणी काही म्हणत नाही, पण त्यांचा डबाही आडोशालाच उघडा.

जेद्दाहून तायफला गाडीने जाणार असाल तर मक्केच्या हद्दीआधी बिगरमुस्लिमांसाठी फाटा आहे. मॅपचा सर्वात जवळचा रस्ता डोळे मिटून धरू नका, पाटी बघा.