पेशींची 'चिकटण' की 'पकड'?

त्वचेवर आणि तोंडात फोड आणणाऱ्या पेम्फिगस या रोगाच्या माहितीपत्रकाचं मराठी भाषांतर करणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: 'सेल ॲडहीजन'ला, म्हणजे पेशी एकमेकींना किंवा भोवतालच्या भागाला धरून राहतात त्याला, 'पेशी-आसंजन' म्हणावं की 'पेशींची चिकटण'? 'एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स'साठी, म्हणजे पेशींच्या बाहेर असलेल्या तंतूंच्या जाळ्यासाठी, 'पेशीबाह्य आधारद्रव्य' चालेल का? पत्रक रुग्णांच्या हातात द्यायचं आहे. सध्या त्यातलं मुख्य वाक्य असं आहे: 'या आजारात रोगप्रतिकारशक्ती पेशी-आसंजनावर हल्ला करते व पेशीबाह्य आधारद्रव्यापासून त्वचा अलग होते.'

'आसंजन' शब्दात खोट काहीच नाही. संस्कृत 'सञ्ज्' म्हणजे लागून राहणे, जडणे. संग, प्रसंग, आसक्ती ही सगळी त्याच धातूची प्रजा, तेव्हा आसंजन आणि आसक्ती ही सख्खी भावंडं. पाठ्यपुस्तकात आसंजन खुशाल राहू द्या. पण तोंडात फोड आल्यामुळे दोन घास जेवता न येणाऱ्या माणसाला त्यातून काही कळणार नाही.

'चिकटण'ची अडचण वेगळी. पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना किंवा पोटाच्या आवरणाला चिकटतात, त्यालाही इंग्रजीत ॲडहीजन असंच नाव आहे आणि आपले डॉक्टरही 'आतडी चिकटलीत' असंच सांगतात. तिथे चिकटणं हा आजार आहे, त्वचेत न चिकटणं हा. शिवाय चिकटणे म्हटलं की मधे डिंकासारखं काहीतरी फासलेलं डोळ्यांपुढे येतं. पेशींचं तसं नसतं. पेशीच्या आवरणातून बाहेर डोकावणारी प्रथिनं समोरच्या पेशीवरच्या ठरावीक प्रथिनांना धरतात आणि वेळ आली की सोडतातही. रक्तातली पांढरी पेशी जखमेजवळ आली की रक्तवाहिनीच्या भिंतीला धरते, थांबते आणि भिंतीतून बाहेर सरकते. म्हणून माझं मत 'पकड' या शब्दाला. तो क्रियापदंही तयारच घेऊन येतो: पकड बसते, घट्ट होते, ढिली पडते, सुटते. 'धरबंध'ही सुचला होता, पण त्याचा अर्थ केव्हाच मर्यादेकडे आणि ताब्याकडे गेला.

पकड म्हटलं की लगेच प्रश्न येतो: कोणाची, कशावर? 'आसंजन' हे विचारू देत नाही, आणि तुमचं वाक्य तिथेच घसरलं आहे. पेम्फिगसमध्ये त्वचा मॅट्रिक्सपासून अलग होतच नाही.

त्वचेच्या वरच्या भागाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर मधल्या थरातल्या पेशींच्या कडेला बारीक काटे दिसतात. त्यावरूनच त्याला काटेरी थर म्हणतात. हे काटे काही पेशीला फुटलेले नसतात. तपासणीसाठी नमुना तयार करताना पेशी आक्रसतात. जिथे शेजारणीला घट्ट धरलेलं असतं ती ठिकाणं तेवढी जागची हलत नाहीत आणि ताणली जाऊन काट्यांसारखी दिसतात. ही ठिकाणं म्हणजे डेस्मोसोम; ग्रीक 'डेस्मोस' म्हणजे बंध. पेम्फिगसमध्ये शरीराची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) या बंधातल्या डेस्मोग्लीन नावाच्या प्रथिनांवर उलटतात. डेस्मोग्लीन ही कॅडहेरिनच्या कुळातली. कॅल्शियम असेल तरच पकडतात, म्हणून कुळाला ते नाव. बंध सुटतात, पेशी एकमेकींपासून मोकळ्या होतात, मधे पाणी साचतं. तुमच्या पत्रकात 'ॲकँथोलिसिस' असेल तर ते हेच: 'अकांथा' म्हणजे काटा, 'लिसिस' म्हणजे सुटणे.

या रोगाच्या बायॉप्सीत सगळ्यात तळची पेशींची ओळ मात्र जागेवर उभी असते. शेजारणीशी तिचं नातं तुटलेलं, पण पायाखालच्या पटलावरची, म्हणजे मॅट्रिक्सवरची, पकड शाबूत. पॅथॉलॉजीच्या पुस्तकांत या दृश्याला थडग्यांची रांग म्हणतात. पत्रकात ही उपमा कृपा करून घेऊ नका.

त्वचा पायापासून सुटते ती दुसऱ्या आजारात, बुलस पेम्फिगॉइडमध्ये. तो बहुधा साठीनंतरच्या माणसांना होतो आणि खाज फार असते. तिथे हल्ला होतो तो तळच्या पेशींना खालच्या पटलाशी जखडणाऱ्या बंधांवर. फोडाचं संपूर्ण छप्पर जाड असल्यामुळे तो टरारलेला राहतो. पेम्फिगसचा फोड पातळ छपराचा, लिबलिबीत, लगेच फुटणारा. 'टरारलेला' आणि 'लिबलिबीत' हे शब्द जरूर वापरा, पेशंट स्वतः तेच बोलतात.

आता मॅट्रिक्स. 'पेशीबाह्य' ठीक. 'आधारद्रव्य' मला पटत नाही, कारण तो शब्द त्याच्या एकाच भागाला शोभतो: तंतूंच्या मधल्या जागा भरणाऱ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या बुळबुळीत पदार्थाला. तंतू वगळले तर मॅट्रिक्सचा कणाच गेला. रुग्णांसाठी 'पेशींभोवतीचं जाळं' म्हणा किंवा सरळ 'मॅट्रिक्स' ठेवा.

तंतूंतला मुख्य कोलॅजेन. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण २५ ते ३० टक्के तेच. ग्रीक 'कोल्ला' म्हणजे सरस, आणि कोलॅजेन म्हणजे सरस उपजवणारं. सुतार हाडा-कातड्याचा जो सरस कढवून वापरत, तो उकळून विरघळलेला कोलॅजेनच. त्याचा रेणू कसा असतो हे १९५४-५५ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडलं. पुस्तकी शब्द 'त्रिसर्पिल', पण दोर वळणाऱ्याला विचाराल तर तो तीन पेडांचा पीळ म्हणेल. हा पीळ टिकायला क जीवनसत्त्व लागतं. ते न मिळाल्यास स्कर्व्ही होतो, हिरड्यांतून रक्त येतं आणि भरलेल्या जखमाही उकलतात.

जाळं जास्त झालं तरी आजारच. गुटखा-सुपारीने तोंड उघडेनासं होतं तो सबम्यूकस फायब्रोसिस याच जातीचा. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातल्या भारतीय स्त्रियांमध्ये तो नोंदवला, आणि पुढच्याच वर्षी भारतात जोशी यांनी त्याला सध्याचं नाव दिलं. सुपारीतल्या अरेकोलीनने कोलॅजेन जास्त तयार होतं, तिच्यातल्या तांब्यामुळे तंतूंचे आडवे टाके वाढतात आणि टॅनिनमुळे ते तंतू मोडेनासे होतात. बाभळीच्या सालीने कातडं कमावतात ती रासायनिक क्रियाही टॅनिन आणि कोलॅजेनचीच! तिखट झोंबायला लागतं, मग गालाच्या आतून कडक पट्टे हाताला लागतात, आणि तीन बोटं उभी घालता येईनाशी होतात. फायब्रोसिसला पुस्तकी मराठीत 'तंतुमयता' म्हणतात. पालेभाजीला तंतुमय म्हणून नावाजणाऱ्या मराठीत हा शब्द रोगासाठी मला फसवा वाटतो. लोक 'तोंड आवळत गेलं' म्हणतात, ते बरं.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'या आजारात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा चुकून त्वचेतल्या पेशींच्या एकमेकींवरच्या पकडीवर हल्ला करते. पकड सुटली की पेशींमध्ये पाणी साचून लिबलिबीत फोड येतात.' मॅट्रिक्सचा उल्लेख काढूनच टाका. आणि 'रोगप्रतिकारशक्ती'च्या जागी 'यंत्रणा' केलं आहे, कारण 'शक्ती हल्ला करते' हे वाचून पेशंट शक्तीची औषधं मागायला लागतो. इथे तर ती यंत्रणा दाबणारी औषधं घ्यायची असतात.