मंगळवारचं वजन

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

आईच्या आजारपणावरच्या तुझ्या अकराही कविता दोनदा वाचल्या. दुसऱ्यांदा मोठ्याने, कारण कानावर पडल्याशिवाय मला कविता कळत नाही. आमच्या घरातही यांचं सहा वर्षं डायलिसिस होतं, म्हणजे मूत्रपिंडांचं काम मशीनने करून रक्त शुद्ध करणं, म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते आहे.

पहिल्या सात कवितांमध्ये तुझी आई जिवंतच नाही. विझत आलेली समई आहे, पिकलं पान आहे, पैलतीराला लागलेली नाव आहे. पण तुझी आई परवा मशीनवर पडल्या पडल्या शेजारच्या पलंगावरच्या बाईंना जवसाच्या चटणीची कृती सांगत होती, हे तूच मला फोनवर सांगितलंस ना? त्या बाई एकाही कवितेत नाहीत. ती चटणीही नाही. समई मात्र तीनदा आली आहे.

माझ्या हातूनही हेच झालं होतं. यांच्या आजाराच्या दुसऱ्या वर्षी मी एक कविता लिहिली, त्यात हे पानगळीतलं झाड होते. नागपुरात बर्डीवर एका छोट्या काव्यवाचनात ती वाचली. लोकांनी डोळे पुसले. हे मागच्या रांगेत बसले होते. परतताना ऑटोत म्हणाले, "चांगली होती. पण मी कुठं होतो त्यात?" मला उत्तर देता आलं नाही. ती कविता मी पुन्हा कुठेही वाचली नाही, छापायलाही दिली नाही.

हे अजनीच्या लोको शेडमध्ये, रेल्वे इंजिनं दुरुस्त होतात तिथे, होते. इंजिनाचं दुखणं कानाने ओळखायची त्यांची सवय. हातात फिस्टुला केला तेव्हा डॉक्टरांनी समजावलं होतं की इथे रोहिणी आणि नीला एकमेकींना जोडल्या आहेत, रक्त जोरात वाहतं, म्हणून आत सतत थरथर राहील. ती थांबली तर ताबडतोब या. तेव्हापासून रोज सकाळी उठल्यावर हे मनगट कानाशी नेत. मग माझा हात धरून त्यावर ठेवत आणि म्हणत, "ट्रान्सफॉर्मर बोलून राहिला, ऐक." बोटांखाली ती गुणगुण लागायची. त्यांच्या शरीरातली ती सगळ्यात जिवंत जागा होती आणि ती आजारानेच दिली होती. हे मी सहा वर्षं रोज हाताने अनुभवलं आणि कवितेत झाड लिहिलं!

उपमा वापरू नकोस असं मी म्हणत नाही. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात जन्म, मृत्यू, जरा, व्याधी यांचा विषय निघतो, ती पानं काढून वाच. म्हातारपण यायच्या आधीच माणूस आपल्या देहाकडे बघतो आणि म्हणतो, कमळाच्या पाकळ्यांशी भांडणारे हे डोळे पिकल्या पडवळासारखे होतील. पडवळ! परसातल्या वेलीवर जून होऊन पिवळं पडलेलं, ज्याची भाजीही होत नाही असं. शके १२१२ मधली ती उपमा आजही पोटात खड्डा पाडते, कारण ती वेलीवरून तोडून आणलेली आहे. तुझी समई मात्र तू घरात लावलेली नाही, दुसऱ्यांच्या कवितांतून उचललेली आहे.

आता आठव्या कवितेबद्दल. ती वाचून मी चष्मा काढून ठेवला.

मे महिना, कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास, आणि आई फ्रिजमागे उभी राहून संत्र्याची एक फोड तोंडात धरते. चावत नाही. नुसती धरते, मग चोथा बशीत काढते. तू दारात असतोस आणि दार हळूच लोटून घेतोस. नागपुरात जन्म काढलेल्या बाईला संत्रं वर्ज्य होणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगायला तुला एक ओळही खर्चावी लागलेली नाही. संत्र्याने रक्तातलं पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, ही भीती तुझ्या त्या दार लोटण्यात आहे. आणि तिला अडवायचं की नाही, हेही त्यातच आहे. त्याखाली तू जीवनाच्या गोडव्याबद्दल दोन ओळी जोडल्या आहेस. त्या काढ. दार लोटलं तिथे थांब.

या कवितेच्या बाजूने आणखी लिही. तुझ्याकडे ऐवज भरपूर आहे, तुला तो ऐवज वाटत नाही एवढंच. एका वेळच्या चार तासांच्या डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी रक्ताच्या शेजारून, पातळ पडद्याच्या पलीकडून वाहून जातं. आणि पलंगावरच्या माणसाला दिवसभरात एक लिटरही पिता येत नाही, बाहेर पारा ४५ अंशांवर गेलेला असताना. हे लिहायला विशेषण लागत नाही. यांचं पाणी मोजायला आमच्याकडे स्टीलचा एक लोटा होता, सकाळी भरायचा आणि तेवढंच. औषधाच्या गोळ्यांचं पाणी त्यातूनच, चहाही त्यातूनच वजा. संध्याकाळी तळाशी दोन घोट राहिले की ते लोटा हलवून आवाज ऐकत.

तिचे वार मंगळवार, गुरुवार, शनिवार ना? मग शनिवारनंतर दोन दिवसांचा खंड पडतो, अंगात पाणी साचतं आणि मंगळवारी काट्यावर उभं राहताना पोटात गोळा येतो. तू आकडे लिहून ठेवतोसच. ती वही घेऊन बस. मशीनवर लावण्याआधीचं वजन, उतरवल्यानंतरचं वजन, ड्राय वेट म्हणजे अंगातलं जादा पाणी सोडून असायला हवं ते वजन, किती पाणी काढलं. आमच्या वहीत एका मंगळवारी ६२.४ आणि ५९.१ लिहिलेलं आहे, समोर यांच्या अक्षरात "लग्न" एवढाच शब्द. भाचीच्या लग्नात ते दोन ग्लास मठ्ठा प्यायले होते. त्या दिवशी सव्वातीन किलोच्या वर पाणी काढताना पोटऱ्यांत असे गोळे आले की दोघांनी पाय धरले. तरी त्यांनी मठ्ठ्याबद्दल कधी पश्चात्ताप केला नाही. माझ्या लेखी ती यांची कविता आहे, दोन आकडे आणि एक शब्द.

हातावरच्या फुगलेल्या शिरा, त्वचेचा काळवंडलेला रंग, रात्रभराची खाज, मशीनवरून आल्यावरचा तो गळाठा, हे सगळं नाव घेऊन लिही. "देह झिजतो" म्हटलं की वाचक मान डोलावतो आणि पुढे जातो. त्याला पुढे जाऊ देऊ नकोस.

एक गोष्ट मात्र कवितेपेक्षा मोठी आहे. यातली कुठलीही कविता कुठेही पाठवण्याआधी आईला वाचून दाखव. शरीर तिचं आहे. संत्र्याची गोष्ट तुला दिसली हे तिला ठाऊक नसेल, आणि कदाचित तिला ते कुणाला कळायला नको असेल. ती नको म्हणाली तर कविता वहीत ठेव, कितीही चांगली असली तरी. हे सांगताना मला सोपं जात नाही, कारण ती खरोखर चांगली आहे. ती हसली, किंवा म्हणाली की बशी नव्हती, वाटी होती, तर लगेच दुरुस्त कर. तिच्या दुरुस्तीने कविता सुधारेल.

अकरावी कविता, जिच्यात तू तिच्या मृत्यूनंतरचं घर लिहिलं आहेस, ती आता तिला दाखवू नकोस आणि तूही वाचू नकोस. पाकिटात घालून कपाटात ठेव. भीती वाटते म्हणून ती लिहिली गेली, त्यात वाईट काही नाही. पण भीतीचं लेखन आणि आईवरचं लेखन एका वहीत ठेवलंस तर पहिलं दुसऱ्याला गिळतं. माझ्या बाबतीत गिळलं.

रविवारी दुपारी ये. शनिवारचा थकवा तोवर उतरलेला असतो, तिला बरं वाटत असेल तर तिलाही घेऊन ये. आम्ही तळमजल्यावरच आहोत, पायऱ्या दोनच. जवसाच्या चटणीची कृती मला तिच्याच तोंडून ऐकायची आहे. संत्री घरात ठेवणार नाही. सफरचंद तिला चालतं, ते चिरून ठेवीन, आणि लोटा अजून आहे, तो घासून ठेवते.

तुझी,
काकू