‘टेलिव्हिजननं मारलं’ हे वाक्य आधी खोड

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

ब्राझीलच्या शांशादांवरचं, म्हणजे तिथल्या कार्निव्हलच्या गाण्यांनी भरलेल्या विनोदी चित्रपटांवरचं, तुझं पहिलं प्रकरण दोनदा वाचलं, एकदा नुसतं आणि एकदा हातात पेन्सिल घेऊन. मेहनत पानोपानी दिसते. पणजीत राहून पोर्तुगीज शिकलीस त्याचं चीज झालं. संवाद तू सबटायटलवरून उचललेले नाहीस, कानांनी ऐकलेले आहेत, हे लगेच कळतं. रिओची माणसं ‘ति’चा ‘चि’ आणि ‘दे’चा ‘जी’ करतात, ते तू नटाचं नाव ‘ग्रांजी ओतेलो’, स्टुडिओचं ‘अत्लांचिदा’ असं लिहून नीट पकडलंयस. मीही या पत्रात तसंच लिहितो.

पण तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे: ‘1950 साली टेलिव्हिजन आलं आणि शांशादा चित्रपटांचा अस्त झाला.’ ते खोड. ते अर्धवट आहे, ही एक गोष्ट. दुसरी जास्त महत्त्वाची: असं वाक्य एकदा लिहिलं की पुढे शोधायचं काम तिथेच थांबतं.

तारखाच बघ. तुपी वाहिनी साओ पाउलोत 18 सप्टेंबर 1950 ला सुरू झाली, रिओत पुढच्या जानेवारीत. आता आपल्या आवडत्या चित्रपटांची वर्षं त्याशेजारी मांड. ‘कार्नावाल अत्लांचिदा’ 1952 चा. गॅरी कूपरच्या ‘हाय नून’चं ब्राझीलमधलं नाव होतं ‘मारा किंवा मरा’; त्याची टर उडवणारा ‘मारा किंवा पळा’ 1954 चा. विनोदी नट ऑस्कारितो एल्व्हिस प्रेस्लीची नक्कल करत ‘मेल्विस प्रेस्चिस’ होऊन कंबर हलवतो तो 1957 चा. ‘स्पुतनिकवाला माणूस’ तर 1959 चा. म्हणजे ज्या नऊ वर्षांत हा प्रकार तुझ्या मते मरत होता, त्याच नऊ वर्षांत त्याची उत्तम कामं झाली. 1952 मध्ये अत्लांचिदाचा स्टुडिओ आगीत जळाला, त्यातूनही ते उठले. टेलिव्हिजनचा संच तेव्हा सुखवस्तू घरातच असायचा. पिटात बसणाऱ्या प्रेक्षकाच्या घरी तो कुठून येणार?

मग टेलिव्हिजनचा काहीच हात नव्हता का? होता. पण त्यानं नेमकं काय नेलं, ते तुला दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी आधी हे चित्रपट चालत कशावर होते ते बघ.

ते रेडिओवर चालत होते. रिओच्या ‘राजियो नासियोनाल’चा आवाज देशभर पोचायचा. एमिलिन्या बोर्बा, मार्लेनी या गायिकांवर लोकांचा जीव होता, त्यांच्या चाहत्यांची आपसात भांडणं व्हायची. पण बहुतेकांनी त्यांना फक्त ऐकलेलं होतं. गाण्यांना एक ऋतू होता. वर्ष संपता संपता कार्निव्हलची नवी गाणी ध्वनिमुद्रित व्हायची, रेडिओवर वाजू लागायची, त्याच सुमाराला ती गाणी असलेला चित्रपट लागायचा आणि कार्निव्हल येईपर्यंत गाणं गल्लीतल्या पोरांनाही पाठ झालेलं असायचं. 1950 च्या ‘आव्हिझु आउस नावेगांचिस’मध्ये एमिलिन्या पाऊस पडू दे म्हणून एक गाणं गाते, ते 1951 चा कार्निव्हल गाजवून गेलं. वरवर ते नुसतं धमाल गाणं. पण शब्द ऐक: घरात नळाला पाणी नाही, अंघोळीची पंचाईत आहे, हे तिचं गाऱ्हाणं आहे. रिओच्या वस्त्यांत पाण्याची टंचाई होती. थिएटरात बसलेला माणूस घरून रिकामी बादली बघून आलेला असायचा. त्याच्या ओळखीचा आवाज पहिल्यांदा चेहऱ्यासकट समोर उभा राहून त्याच्याच घरातलं गाऱ्हाणं नाचत सांगायचा. तिकिटाचे पैसे तिथे वसूल व्हायचे.

टेलिव्हिजननं नेला तो हा चेहरा. विनोद नंतर गेला, विनोदी नट आणि दिग्दर्शक त्याहून नंतर. कार्लोस मांगा, ज्यानं ‘मारा किंवा पळा’ आणि ‘स्पुतनिकवाला माणूस’ केले, तोच पुढे टेलिव्हिजनवर विनोदी कार्यक्रम करू लागला. आवाजाचा चेहरा घरबसल्या किंवा शेजाऱ्याच्या खिडकीतून दिसू लागल्यावर त्यासाठी थिएटरात जायची गरज उरली नाही. हे दहा वर्षांत हळूहळू झालं आणि चित्रपटांतच त्याच्या खुणा आहेत. ‘स्पुतनिकवाला माणूस’ पुन्हा बघ आणि कार्निव्हलची गाणी मोज. एका खेड्यातल्या नवराबायकोच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर आकाशातून गोळा पडतो, रशियन, अमेरिकन, फ्रेंच सगळे हेर त्यांच्या मागे लागतात, नोर्मा बेंजेल ब्रिजित बार्दोची हुबेहूब नक्कल करते. विनोद धारदार आहे, पण कार्निव्हल कुठे आहे? गाण्याचा आणि चित्रपटाचा सांधा तोपर्यंत निखळायला लागला होता. त्याच सुमाराला, 1958 मध्ये, बोसा नोवा या नव्या धाटणीच्या संगीताची पहिली रेकॉर्ड आली आणि शहरातल्या तरुणांचा कान दुसरीकडे वळला.

दुसरा सांधा पैशाचा. तुझ्या प्रकरणात तो एका तळटीपेत आहे, तो वर घे. 1946 मध्ये सरकारनं प्रत्येक थिएटरला वर्षाला तीन ब्राझिली चित्रपट दाखवणं सक्तीचं केलं. 1947 मध्ये लुइस सेव्हेरियानो रिबेइरो यांनी अत्लांचिदाची सूत्रं हातात घेतली. त्यांच्या घराण्याची थिएटरांची साखळी देशातली सगळ्यात मोठी. हिशोब सरळ होता: देशी चित्रपट दाखवावाच लागणार असेल तर तो स्वतःच काढावा, स्वस्तात, भराभर, आणि स्वतःच्याच पडद्यावर लावावा. निर्मिती, वितरण, थिएटर सगळं एका हातात. 1951 मध्ये नियम बदलून आठ परदेशी चित्रपटांमागे एक देशी झाला, तरी गाडी चालूच राहिली. साओ पाउलोची व्हेरा क्रूझ कंपनी याच्या उलट: 1949 मध्ये मोठा स्टुडिओ, युरोपातून आणलेले तंत्रज्ञ, फ्रान्सच्या कान महोत्सवात त्यांच्या ‘ओ कांगासेइरु’ चित्रपटाला बक्षीस, आणि 1954 पर्यंत दिवाळं. त्यांच्याकडे थिएटरं नव्हती.

पण हे ध्यानात ठेव की तो धंदा होता. तिकिटाचे दर सरकारनं बांधलेले आणि महागाई वाढतेय, असं झालं की व्यापारी माणूस हात आखडता घेणारच. 1962 नंतर अत्लांचिदानं हे चित्रपट काढणं थांबवलं. तिथे कुणी शोकसभा घेतली नाही. एक खातं बंद झालं.

आता तिसरा सांधा. इथे मला माझं स्वतःचं सांगावं लागेल, कारण ही चूक मी केलेली आहे आणि तुझ्या लिखाणात मला तिची सावली दिसते.

मी तुझ्या वयाचा असताना एका फिल्म सोसायटीत सिनेमा नोवोचे, म्हणजे ब्राझीलच्या नव्या लाटेचे, चित्रपट पाहिले. त्यातल्या ग्लाउबर रोशा या दिग्दर्शकानं मला हलवून सोडलं. भूक, दुष्काळ, हिंसा, हातात धरलेला कॅमेरा. मी त्याचं मिळेल ते वाचलं. 1963 च्या त्याच्या पुस्तकातला आधीच्या लोकप्रिय चित्रपटांवरचा राग मी जसाच्या तसा उचलला. एका मासिकात लेख लिहिला आणि त्यात शांशादाला एका ओळीत निकालात काढलं: सवंग, नकली, हॉलिवूडची भ्रष्ट प्रत. त्या दिवसापर्यंत मी एकही शांशादा पाहिलेला नव्हता. लेख छापून आला, लोकांनी वाहवा केली. कुणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. ते मला आजही बोचतं.

नंतर किती तरी वर्षांनी ‘कार्नावाल नु फोगु’मधला सज्जाचा प्रसंग पाहिला. 1949 चा चित्रपट. रोमिओ म्हणून ऑस्कारितो खाली उभा, आणि वर सज्जात ज्युलिएट म्हणून ग्रांजी ओतेलो, काळा, बुटका, डोक्यावर सोनेरी केसांच्या लांब वेण्या. शेक्सपिअरची थट्टा आहे, एवढंच मला आधी दिसलं. दुसऱ्यांदा पाहताना ओतेलोचे डोळे पाहिले. तो ज्युलिएट खरीखुरी करतोय. प्रेमात पडलेल्या मुलीचा उतावळेपणा त्याच्या चेहऱ्यावर पूर्ण आहे, आणि म्हणूनच हसू येतं, आणि हसता हसता गळ्यात काहीतरी अडकतं. गोऱ्या सौंदर्याचं सगळं ओझं त्या दोन वेण्यांत आहे आणि तो ते डोक्यावर घेऊन सज्जात उभा आहे. मी त्या रात्री झोपलो नाही. एवढ्या मोठ्या नटाला मी न बघता सवंग म्हटलं होतं.

‘शांशादा’ हा शब्द तू जपून वापर. तो शेजारच्या स्पॅनिशमधून आला असं मानतात. तिथे ‘चांचो’ म्हणजे डुक्कर. समीक्षकांनी शिवी म्हणून चिकटवलेलं नाव आहे ते. नाव ठेवणाऱ्याच्या डोळ्यांनी बघितलं की अस्त हा न्यायच वाटतो. तुझ्या प्रकरणात ‘अभिरुची उंचावल्यामुळे’ असे दोन शब्द आहेत, ते त्याच डोळ्यांचे आहेत. अभिरुची कुणाची? पिटातल्या माणसाची अभिरुची कुणी मोजली होती? समीक्षक पाउलो एमिलियो सालेस गोमेस यांचा 1973 चा निबंध तुझ्या वाचनात नाही असं दिसतं. तो मूळ भाषेत वाच. या चित्रपटांत सामान्य प्रेक्षकानं स्वतःला पाहिलं, आणि पुढच्या शहाण्या चित्रपटांना तो प्रेक्षक तसा परत मिळाला नाही, हा विचार त्यांनी किती संयमानं मांडलाय ते बघ.

आणि या लोकांना स्वतःच्या गरिबीची जाणीव नव्हती असं कृपा करून लिहू नकोस. ‘कार्नावाल अत्लांचिदा’ हा सगळा त्याच जाणिवेचा चित्रपट आहे. दिग्दर्शकाचं नाव सेसिलियो बी. जी मिल्यु. ‘मिल्यु’ म्हणजे मका; हॉलिवूडचे भव्य चित्रपट काढणारा सेसिल बी. डिमिल, त्याचा हा मक्याचा अवतार. त्याला ट्रॉयच्या हेलनवर भव्य चित्रपट काढायचाय. स्टुडिओत झाडू मारणाऱ्या ओतेलोच्या डोक्यात मात्र वेगळाच चित्रपट आहे. दिग्दर्शक रिकाम्या सेटकडे बोट दाखवून ग्रीक वैभव रंगवतो, आपल्याला ते ताठ, निर्जीव पुतळ्यांसारखं दिसतं. मग त्याच जागेकडे ओतेलो बघतो आणि गायक ब्लेकाउची गायला उभा राहतो, सेट जिवंत होतो. हेलन आपल्या आवाक्यात नाही, आपल्याकडे हे आहे, असं ते 1952 मध्येच सांगून गेले होते.

चौथी गोष्ट थोडक्यात. 21 एप्रिल 1960 ला राजधानी रिओहून ब्राझिलियाला गेली. या चित्रपटांतले पुढारी, कारकून, गावाकडून आलेले भोळे पाहुणे हे सगळे राजधानी असलेल्या रिओचे. मला हे कारण वाटत नाही, पण योगायोग म्हणून सोडवतही नाही. तू ठरव.

म्हणून तुला सांगायचंय ते असं: ‘अस्त’ हे शीर्षक तात्पुरतं बाजूला ठेव आणि कोण कुठे गेलं ते लिही. ओतेलोचाच माग काढ. ‘मारा किंवा पळा’नंतर त्याची आणि ऑस्कारितोची अत्लांचिदातली जोडी फुटली. 1957 मध्ये तो नेल्सन पेरेइरा दुस सांतुसच्या ‘रिओ, झोना नोर्ची’मध्ये सांबा रचणारा गरीब माणूस झाला, ज्याची गाणी दुसरे आपल्या नावावर घेतात. 1969 मध्ये ‘माकुनाइमा’त तो आहे, आणि तिथे सिनेमा नोवोनं ज्याला हाकललं तोच दंगा मागच्या दारानं घरात आलाय. आन्सेल्मो दुआर्ची बघ: या चित्रपटांतला देखणा नायक. त्यानं दिग्दर्शित केलेल्या चित्रपटाला 1962 मध्ये कानचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. अत्लांचिदानं ज्या वर्षी हात टेकले तेच वर्ष. नाव मात्र वाईट वाटेनं गेलं, सत्तरच्या दशकातल्या उत्तान विनोदी चित्रपटांना ‘पोर्नोशांशादा’ म्हणू लागले. त्यावर एक परिच्छेद पुरे.

कामाचं एवढंच. एक मोठा कागद भिंतीला लाव. 1946 ते 1962, प्रत्येक वर्षाचे बारा महिने. चित्रपट कधी लागला, त्यातलं गाणं रेडिओवर कधी आलं, कार्निव्हल कधी होता, सगळं वेगवेगळ्या रंगात भर. ब्राझीलच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जुनी वर्तमानपत्रं इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत, त्यात थिएटरांच्या जाहिराती रोजच्या रोज आहेत. तारखा तिथून घे, कुणाच्या पुस्तकातून नको, माझ्याकडूनही नको. जे चित्रपट आता उरलेच नाहीत त्यांच्यासाठी रिकामी चौकट ठेव. अत्लांचिदाचा 1943 चा ‘मोलेकी चियाउं’, ओतेलोचा पहिला मोठा विजय, आज कुणालाच पाहता येत नाही. आपल्या मूकपटांचं काय झालं ते तुला माहीत आहे, तेव्हा ही चौकट रिकामी का ठेवायची हे तुला वेगळं सांगायला नको.

आणि हे चित्रपट लॅपटॉपवर एकटी बसून, दर मिनिटाला थांबवून बघू नकोस. चार माणसं जमव, ज्यांना सिनेमातलं काही कळत नाही अशी. भाषांतर तू मोठ्यानं करत जा. ती कुठे हसतात ते लिहून ठेव.

नवं प्रकरण पाठवायची घाई नाही. आधी त्या कागदाचा फोटो पाठव. आणि ‘कार्नावाल नु फोगु’ची तुला मिळालेली प्रत माझ्या प्रतीपेक्षा स्वच्छ असेल तर येताना घेऊन ये. सज्जात ओतेलो मान वळवतो तिथे माझ्या प्रतीत चित्र उडतं.

तुझे,
सर