इंग्लंडमध्ये ओल्ड हॉल या बंद पडलेल्या इंग्लिश कंपनीचा जुना स्टीलचा दुधाचा जग मिळतोय. चहाच्या टेबलासाठी घ्यावा का? घेताना काय बघावं?

नक्की घ्या. फक्त दुकानातच थोडं पाणी भरून ओतून बघा आणि मगच पैसे द्या.

दुधाच्या जगात खरी परीक्षा चोचीची असते. इथे चहात दूध उकळत नाहीत. कोरा चहा कपात ओततात आणि थंड दूध ज्याचं त्यानं वरून घ्यायचं. एका बैठकीत जग चार-पाच हातांतून फिरतो आणि प्रत्येकाला हवं असतं ते चमचा-दोन चमचे दूध. एवढंसं ओतून हात सरळ केला की धार तिथल्या तिथे तुटली पाहिजे. माझा पहिला जग दिसायला देखणा होता, पण शेवटचा थेंब चोचीखालून ओघळत बुडाशी जायचा आणि टेबलक्लॉथवर दर वेळी पांढरं कडं उमटायचं. शेवटी त्यात फुलं ठेवायला लागले.

मग एका चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे लोकांनी दान दिलेल्या वस्तू विकणाऱ्या दुकानात, ओल्ड हॉलचा मिळाला. अल्वस्टन नमुन्याचा, बुटका, पोटाला रुंद. याच नमुन्याची चहाची किटली अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखी दिसते, म्हणून लोक ती लांबूनही ओळखतात. डिझाइन रॉबर्ट वेल्श यांचं. ते मुळात चांदीकाम शिकलेले; १९५५ मध्ये चिपिंग कॅम्पडनला त्यांनी स्वतःची कार्यशाळा थाटली आणि त्याच वर्षी ओल्ड हॉलचे डिझाइन सल्लागार झाले. १९६० मध्ये पहिल्या सफरीवर निघालेल्या ओरियाना जहाजासाठीही त्यांनी स्टीलची भांडी केली. चांदीचा हात असलेल्या माणसानं स्टीलला वळण दिलंय, हे जग हातात घेतला की कळतं.

ओल्ड हॉलचा कारखाना इंग्लंडमधल्या वॉल्सॉलजवळ ब्लॉक्सविचला होता. तिथे १९२८ मध्ये स्टेनलेस स्टीलचा टोस्ट रॅक निघाला आणि १९३० मध्ये किटली. तोवर चांगल्या घरातली चहाची धातूची भांडी म्हणजे बहुधा चांदीची नाहीतर चांदीचा मुलामा दिलेली, सतत पॉलिश मागणारी. १९८४ मध्ये कारखाना बंद झाला, त्यामुळे आता मिळतो तो जुनाच माल.

घेताना जग उलटा करून बुडावरचा शिक्का वाचा: ओल्ड हॉलचं नाव आणि बऱ्याचदा १८/८, म्हणजे अठरा टक्के क्रोमियम, आठ टक्के निकेल. आई इथे आली होती तेव्हा तिनंही पहिल्यांदा जग उलटाच केला. आपल्याकडे भांड्यावर नाव घातलेलं असतं ना, ते शोधत होती. "कुणाकडचा आलाय गं हा?" म्हणाली. मी शिक्का दाखवला, तर तिनं अंगठ्यानं कड चाचपली आणि "पत्रा जाड आहे, टिकेल" असा निकाल दिला. तिचीच पद्धत वापरा. कड चाचपा, हँडल जिथे जोडलंय तिथे जरा दाब देऊन हलतंय का बघा. बारीक ओरखड्यांना घाबरू नका, पण पोचा चोचीजवळ असेल तर सोडून द्या, धार बिघडते.

घरी आणल्यावर तारेची घासणी लावू नका. दूध संपलं की लगेच थंड पाण्यानं विसळा, नाहीतर चोचीच्या आतल्या खाचेत साय धरते आणि ती काढायला काडी लागते.