नोकरीचा इतिहास आधी, एक्स-रे नंतर

प्रिय बेटा,

कामगार न्यायालयात वकिलीला बसायला लागलीस आणि सुरुवातीलाच ॲस्बेस्टॉस या तंतूंच्या खनिजाच्या धुळीने छाती बिघडलेला माणूस तुझ्याकडे आला, हे वाचून आनंद झाला आणि काळजीही वाटली. या केसेस घेणारे वकील नागपुरात मी फार थोडे पाहिले. काळजी अशासाठी, की यात आजार खरा असूनही माणूस हरतो. तो हरतो कागदावर, आणि तेही बहुतेक वेळा केस उभी राहण्याआधीच.

तू लिहितेस, फाइल दवाखान्याच्या कागदांनी भरली आहे. एक्स-रे, एचआरसीटी म्हणजे छातीचा बारीक स्कॅन, फुंकर मारायची चाचणी, सगळं आहे. ते सध्या बाजूला ठेव. त्याला समोर बसव आणि पहिल्या नोकरीपासून विचारत ये. कोणतं साल, कोणतं खातं, ठेकेदार कोण, हातात काय असायचं, कपडे कुठे झटकायचास. "ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलं का?" असं विचारू नकोस, कारण तो शब्द त्याने कारखान्यात ऐकलेलाच नसतो. त्याच्या लेखी ती दोरी असते, गादी असते, नाहीतर नुसता 'पांढरा माल'. बॉयलरच्या लॅगिंगवर, म्हणजे उष्णता अडवणारं आवरण चढवण्याच्या कामावर, उमेदीची वर्षं घालवलेले एक काका मला म्हणाले होते, "काहून विचारता साहेब, कापसावानी होता तो माल. आमी तर हातानंच पिंजून राहिलो, पाण्यात कालवून पायपाले थापून राहिलो." दुपारची भाकर झाली की त्याच रिकाम्या पोत्यांवर ही माणसं आडवी व्हायची. हे सगळं त्यांच्याच शब्दांत लिहून घे. एक्स-रेवर फुप्फुस दिसतं, मालकाचं नाव दिसत नाही.

लॅगिंगवालेच नव्हेत, तर गॅस्केट कापणारे, ब्रेक लायनर घासणारे, सिमेंटचे पत्रे कटरने कापणारे, जुनी शेड पाडणारे, हे सगळे यात येतात. खाणीचे नवे परवाने आपल्याकडे 1986 मध्ये थांबले, पण बाहेरून येणारा पांढरा ॲस्बेस्टॉस, म्हणजे क्रायसोटाइल, पत्र्यांसाठी अजूनही कायदेशीर आहे. म्हणजे आज नागपूरजवळच्या हिंगण्याला किंवा बुटीबोरीला, कारखान्यांच्या भागात, छपरावर चढून पत्रा कापणारा पोरगा पुढे तुझ्याच टेबलापाशी येऊ शकतो.

आता दवाखान्याचे कागद. जुन्या केसपेपरवर बहुधा टीबी लिहिलेला सापडेल. दम, खोकला, उतरलेलं वजन दिसलं की आपल्याकडे औषध आधी टीबीचं सुरू होतं. मेडिकलच्या किंवा मेयोच्या, म्हणजे नागपुरातल्या सरकारी दवाखान्याच्या, छातीच्या ओपीडीत त्याच्यासोबत स्वतः जा आणि तो काय काम करायचा हे केसपेपरवर लिहून द्या, असं डॉक्टरांना विनव. ही मेहेरबानी नाही. पूर्वी कारखाने अधिनियमाच्या कलम 89 प्रमाणे आणि आता त्याच्या जागी आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेप्रमाणे, असा व्यवसायजन्य आजार दिसला की कळवण्याची जबाबदारी डॉक्टरवरही आहे. डॉक्टर बरेचदा वाईट नसतात, त्यांना वेळ नसतो. इतिहास टाइप करून नेलास तर ते लिहितात.

कायद्याचं सांगतो. पुढे सांगतो ती कलमं 1923 च्या कामगार भरपाई कायद्याची. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे, तेव्हा आजार कधी कळला ते पाहून कोणता कायदा लागतो ते आधी ठरव आणि दोन्ही उघडे ठेवून अर्ज लिही. 1923 च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे या धुळीने फुप्फुस कडक होण्याचा आजार, आहे; ॲस्बेस्टॉसने होणारा फुप्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, हेही आहेत. माणूस नोकरीत असताना आजार निघाला आणि सलग नोकरीची अट पुरी झाली, की तो कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो. उलट सिद्ध करायचं ते मालकाने.

खरी अडचण नोकरी सुटल्यानंतर येते. हा आजार 15-20 वर्षांनी, मेसोथेलिओमा तर 40 वर्षांनीही वर येतो, आणि दावा लावण्याच्या मुदतीच्या कलमातली सवलत नोकरी सुटल्यापासून दोन वर्षांत लक्षणं दिसली तरच मिळते. मालकाचा वकील पहिला घाव इथेच घालेल. तू कलम 3 च्या त्या परंतुकावर उभी राहा, जे सांगतं की नोकरी सुटल्यावर आजार झाला तरी तो त्याच कामातून आला हे सिद्ध केलं तर भरपाई मिळते. मग कलम 10 खाली उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज दे. आणि सर्वोच्च न्यायालयाचा 27 जानेवारी 1995 चा निकाल, कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार, पूर्ण वाच. कामगाराच्या तब्येतीची नोंद नोकरी लागल्यापासून 40 वर्षं किंवा नोकरी संपल्यावर 15 वर्षं, यातलं जे उशिराचं तोवर जपून ठेवा, असा आदेश त्यात आहे. ती नोंद मागणारी नोटीस आजच पाठव. मालकाकडे ती नसेल तर त्या नसण्यावरच बोट ठेवता येतं. हा निकाल मला फार मोठा वाटतो, कारण त्याने कामगाराचं आरोग्य जगण्याच्या हक्कात, राज्यघटनेच्या कलम 21 मध्ये, आणून बसवलं.

पैशाचा अंदाज घरच्यांना आधीच खरा सांग. वय 60, मजुरी कायद्यातल्या मर्यादेइतकी म्हणजे 15,000 आणि अपंगत्व कायमचं व पूर्ण धरलं, तर मजुरीचे 60 टक्के, म्हणजे 9,000, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा 117.41, म्हणजे 10,56,690 रुपये. पण ॲस्बेस्टॉसिसमध्ये बहुतेकदा टक्केवारीच मिळते, शिवाय समोरचा जुनी, तुटपुंजी मजुरी पुढे करतो. थकलेल्या रकमेवर 12 टक्के व्याज आणि 50 टक्क्यांपर्यंत दंड मागायला विसरू नकोस. त्याचं ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं, कार्ड होतं का तेही विचार. असेल तर मालकावर दावा चालत नाही, वाट ईएसआयच्या वैद्यकीय मंडळाकडून जाते. ठेकेदाराचा माणूस असेल तर मूळ मालकाला कलम 12 खाली सामील कर. आणि घरी येऊन कोणी थोडे पैसे हातावर ठेवून कोऱ्या कागदावर अंगठा मागितला, तर देऊ नका म्हणून बायकोमुलांना बजावून ठेव. हक्क सोडल्याचा असा करार कलम 17 ने रद्दच ठरतो, पण कोर्टात तो निस्तरता निस्तरता दमछाक होते.

एक गोष्ट मला आजही सलते. त्याचे कामाचे कपडे बायको अंगणात बडवून धुते, ती धूळ तिच्याही छातीत जाते, आणि या कायद्यात तिला जागा नाही, कारण ती कोणाची कामगार नाही. तिचीही तपासणी करवून घे. पुढे कधी हा प्रश्न उच्च न्यायालयापुढे न्यायचा झाला तर तिचे कागद लागतील.

फीचं ओझं त्याच्यावर टाकू नकोस. औद्योगिक कामगाराला उत्पन्न न पाहता मोफत विधी साहाय्य मिळतं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करून दे. बरोबरीचे दोन-तीन जुने कामगार गाठ, पीएफचा नंबर, हजेरी कार्ड, गेट पास, जे मिळेल ते गोळा कर. सगळ्यात आधी मात्र त्याची साक्ष. तारखा पडत राहतील आणि त्याचा दम तोवर टिकेलच असं नाही, म्हणून कोर्ट कमिशनर नेमून घरीच साक्ष नोंदवा, असा अर्ज पहिल्याच तारखेला दे. मसुदा झाला की मला पाठव, रात्री वाचून सकाळी परत करीन.

तुझा,
काका