ग्राहकांची माहिती गोळा करायला सर्वेक्षण, मुलाखती की निरीक्षण? कसे ठरवावे?

आधी एका ओळीत लिहा: उत्तर मिळाल्यावर कोणता निर्णय बदलणार? किंमत, पॅकिंग की उत्पादनच? मग घरातलीच माहिती चाळा. विक्रीच्या नोंदी, परत आलेला माल आणि तक्रारी यांतच अर्धे उत्तर अनेकदा सापडते.

‘किती जण’ हे हवे असेल तर सर्वेक्षण. मोठ्या समूहातून यादृच्छिक (म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढावे तसे, प्रत्येकाला सारखी संधी देऊन) निवडलेल्या सुमारे ३८५ प्रतिसादांत ९५ टक्के विश्वासपातळीला (असे शंभर नमुने घेतले तर सुमारे ९५ वेळा) त्रुटीची मर्यादा, म्हणजे खऱ्या आकड्यापासून उत्तर किती हटू शकते ती, ±५ टक्के राहते; १०० प्रतिसादांत ती ±१० च्या आसपास जाते. वयोगटांची तुलना करायची असेल तर प्रत्येक गटात पुरेसे लोक हवेत. हे गणित फक्त यादृच्छिक नमुन्याला लागू होते. स्वतःच्या पेजवर लिंक टाकून हजार उत्तरे जमवली तरी ती मुख्यतः चाहत्यांचीच असतात. आकडा वाढवून तो दोष जात नाही, आणि अनेक सर्वेक्षणे इथेच फसतात.

‘का’ हवे असेल तर मुलाखती. एकसारख्या ग्राहकांपैकी १०-१२ जणांशी बोलल्यावर नवे मुद्दे सहसा कमी होतात. ‘घ्याल का?’ असे विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. ‘मागच्या वेळी काय घेतले, आणि का?’ हे विचारा.

सवयीच्या खरेदीसाठी निरीक्षणच बरे, कारण ती लोकांना नीट आठवत नाही.

कोणतीही प्रश्नावली आधी ८-१० जणांवर तपासा. ‘दर्जा आणि किंमत कशी वाटली?’ असे जोडप्रश्न (एकातच दोन गोष्टी विचारणारे) तिथेच पकडले जातात.