तुमचे प्रश्न : जुन्या मशीनला बोलतं करताना

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, कराडला असते. काचबिंदूमुळे पडद्यावरचं आता दिसत नाही. घरात जुना डेस्कटॉप आहे, विंडोज 7, दोन जीबी रॅम. मुलाने ‘एनव्हीडीए’ हे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर (स्क्रीन रीडर) उतरवून पाहिलं, ते सुरूच होईना. तो म्हणतो, हे भंगारात देऊ, नवा लॅपटॉप घेऊ. मला मराठी वाचायचं आणि थोडं लिहायचं आहे. काय करू?

उत्तर : बाई, भंगारवाल्याला इतक्यात हाक मारू नका. चिरंजीवांनी ताजी आवृत्ती उतरवली असणार. 2024.1 पासून एनव्हीडीएला किमान विंडोज 8.1 लागतं. तुमच्या मशीनवर 2023.3 मालिका चालेल, तिच्यातली 2023.3.4 घ्या. एनव्ही ॲक्सेस या मूळ संस्थेच्या साइटवर जुन्या आवृत्त्या ठेवलेल्या असतात, दुसरीकडून उतरवू नका. विंडोज 7 ला सर्व्हिस पॅक 1 (मायक्रोसॉफ्टचा सुधारणांचा संच) मात्र हवा. (कुणाकडे अजून एक्सपी असेल तर त्यांच्यासाठी 2017.3.) मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने 2006 मध्ये हे काम सुरू केलं, पुढे जेम्स टेह हा दुसरा अंध मित्र येऊन मिळाला, आणि तेव्हापासून ते फुकट आहे. बसवून देतो म्हणून कुणी ‘सॉफ्टवेअरचे’ पैसे मागितले तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आधी आवाज तपासा. जुन्या डेस्कटॉपच्या पुढच्या भोकाची वायर आत जोडलेलीच नसते असं फार वेळा दिसतं. स्पीकरची पिन मागच्या हिरव्या भोकात घाला. विंडोज सुरू होतानाची धून ऐकू आली तर पुढे जा. नाही आली तर साउंडचा ड्रायव्हर गेलाय, तो बसेपर्यंत स्क्रीन रीडरशी झटापट व्यर्थ.

फाइल उघडली की छोटीशी धून वाजते आणि ते लगेच बोलायला लागतं, म्हणजे पुढचं तुम्ही स्वतः करू शकता. ऑल्ट आणि ए दाबून अटी मान्य करायच्या, मग ऑल्ट आणि आय म्हणजे इन्स्टॉल. नंतर कधीही बंद पडलं तर कंट्रोल, ऑल्ट आणि एन.

आता आवाजाची निवड. इथे बहुतेक जण पहिल्याच दिवशी रुसतात. इन्सर्ट, कंट्रोल आणि व्ही दाबलं की आवाजाच्या सेटिंग्ज उघडतात. तिथल्या यादीत ‘मराठी’ निवडा. हा ई-स्पीकचा, म्हणजे एनव्हीडीएसोबतच येणाऱ्या बोलक्या इंजिनाचा आवाज, पत्र्यावर वाटाणे सांडावेत तसा. नातवंडं हसतील. तरीही मी तोच वापरतो, बँकेत टेलिफोन ऑपरेटर होतो तेव्हाही आणि आज निवृत्तीनंतरही. कारण सरळ आहे: तो अगदी हलका आहे, दोन जीबीच्या मशीनवरही बोट उचलायच्या आत बोलतो, आणि वेग कितीही वाढवला तरी शब्द फुटत नाहीत. गोड आवाज कादंबरीला ठीक, काम करताना त्यांची चाल मला सोसत नाही. विंडोज 10 वर हिंदीचे हेमंत आणि कल्पना मिळतात. देवनागरी वाचतात, पण आपलं ‘चाक’ हिंदी ‘च’ने म्हणतात. पहिला आठवडा वेग कमी ठेवा, कान सरावले की आपोआप चढवाल.

इन्सर्ट ही तुमची मुख्य कळ. तिच्यावर खड्याची टिकली चिकटवा. एफ, जे आणि आकड्यांतला पाच यांवर उंचवटे असतातच. इन्सर्ट आणि 1 दाबलं की कळा फक्त आपलं नाव आणि काम सांगतात, काही बिघडत नाही. पहिले काही दिवस नुसतं हेच करा. मग इन्सर्ट आणि खालचा बाण, म्हणजे पुढचं सगळं वाचत सुटतं, कंट्रोल म्हणजे गप्प. वेबपानावर एच दाबलं की एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर उडी. लिहिण्यासाठी इन्स्क्रिप्ट ही देवनागरी कळांची मांडणी शिका, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. बाराखडी शिकवलेल्या माणसाला ते चटकन बसतं.

एक ताकीद चिरंजीवांना: शेजारी बसा, पण माउसला हात लावायचा नाही. आईला कळा पाठ व्हायला हव्यात, तुमचं क्लिक नव्हे.

आणि एक बंधन तुम्हाला. विंडोज 7 ची सुरक्षा 14 जानेवारी 2020 ला थांबली, क्रोमही 109 व्या आवृत्तीवर अडकलंय. त्यामुळे बँक, पेन्शन, आधार यातलं काही या मशीनवर नको. वाचन-लेखनाला ते अजून चालेल. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट प्रणाली आणि त्यातला ‘ओर्का’ हा स्क्रीन रीडर हाही मार्ग आहे, पण घरात लिनक्स जाणणारं कुणी असेल तरच.

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात अंध वाचकांसाठी एक जुना संगणक ठेवलाय. बातम्या तो नीट वाचतो, पण आमच्या जुन्या स्मरणिकांच्या फायली उघडल्या की इंग्रजी बडबड. आवाज बदलूनही तेच. — ग्रंथपाल, वाई

उत्तर : आवाज निर्दोष आहे. तुमच्या फायली श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टात असणार. कृतिदेवमध्ये ‘कमल’ असं दिसतं तेव्हा फाइलीत प्रत्यक्षात डी, ई, वाय ही इंग्रजी अक्षरं असतात. फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. डोळ्यांना मुखवटा दिसतो, स्क्रीन रीडरला आतला मजकूर.

तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे फाइलीत खरीच देवनागरी अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्या. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, मात्र ज्या फॉन्टचा मजकूर त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर हवा. रफार आणि जोडाक्षरं हमखास तुटतात, म्हणून डोळस माणसाने एकदा मुद्रितशोधन केल्याशिवाय फाइल वाचकाच्या हाती देऊ नका. स्कॅन केलेली पानं असतील तर ती नुसती चित्रं. त्यांना ‘टेसेरॅक्ट’सारखं अक्षरओळख करणारं साधन लागेल. ते फुकट आहे, मराठी जाणतं, जुन्या मशीनवर हळू चालतं इतकंच. रात्री लावून ठेवा.

प्रताधिकाराची धास्ती असेल तर: 2012 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 52(1)(झेडबी) दिव्यांगांसाठी, नफा न कमावता, असं रूपांतर करायला मुभा देतं. आणि हाताने काही करण्याआधी ‘सुगम्य पुस्तकालय’ या 2016 पासूनच्या ऑनलाइन ग्रंथालयात शोधा. तुमची स्मरणिका तिथे नसेल, पण वाचकांना हवी असलेली पुस्तकं आयती मिळू शकतात.